‘बोल्ड’ नावाची होडी

दुकानाच्या पाटीवरचं अक्षर आणि होडीवरचं अक्षर यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी ब्रश देणार नाही. पाटी भिंतीला टांगलेली असते, वर पत्रा असतो, तिला कसलाच त्रास नाही. होडीची फळी रोज भिजते, फुगते, पुन्हा वाळून आकसते. बारीक अक्षर काढलंत तर मीठ त्याच्या कडा खातं आणि जानेवारीच्या उन्हात त्याचे पोपडे निघतात. म्हणून होडीवर अक्षर जाडच हवं. वीतभर उंचीच्या अक्षराला उभी रेघ दोन बोटं रुंद. एवढं साधं गणित आहे, पण हल्लीच्या पेंटरांना नाजूक अक्षराची भारी हौस, आणि मग वर्षाच्या आत होडीवाला शिव्या घालत परत येतो.

अशा जाड अक्षराला आमच्या धंद्यात ‘बोल्ड’ म्हणतात. पोर्ट लुईला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्ये गास्तों हे म्हातारे क्रेओल गृहस्थ, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशातले; क्रेओल हीच त्यांची आणि साऱ्या बेटाची बोली. त्यांना इंग्रजीतला हा एवढाच शब्द यायचा. “फेर ली बोल्ड,” म्हणजे जाड काढ, असं दिवसातून वीस वेळा म्हणायचे. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की या शब्दाचा अर्थ जाड, बाकी काही नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिही असं आमच्या शनिवारच्या मराठी वर्गाचे गुरुजी म्हणाले, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. माझं मराठी घरचं. आजीनं जे कानात घातलं ते. त्यावर थोडा वर्गाचा रंधा फिरलाय इतकंच, आणि राग आला की तोंडातून क्रेओलच बाहेर पडतं. गुरुजी म्हणाले, “ऱ्हस्वदीर्घ मी बघतो. तू फक्त खरं लिही.” खरं लिहिणं सोपं असतं असं गुरुजींना वाटतं. त्यांनी आयुष्यात कधी होडी रंगवलेली नाही.

माझं गाव सुरिनाम, पोर्ट लुई ज्या बेटावर आहे त्याच्या दक्षिणेला. सगळं काम तिथलंच असं नाही. सत्तरच्या सुमाराला बसगाड्या, दुकानं, टॅक्सी, देवळाच्या कमानी असं सगळं मी रंगवत हिंडायचो, सायकलला डबे लटकवून. त्याच काळात एका शाळेची पाटी काढली आणि तिथल्या हेडमास्तरांनी रद्दीत काढलेली एक इंग्रजी डिक्शनरी मला देऊन टाकली. दोन जाडजूड खंड, पाठीचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला. नेहमीची डिक्शनरी अर्थ सांगते आणि मोकळी होते. ही तशी नव्हती. शब्द कुठून आला, कोणत्या शतकात लोक तो कशासाठी वापरायचे, मग तो कसा बिघडला किंवा सुधारला, सगळं ओळीनं दिलेलं. माणसाची कुंडली असते तशी शब्दाची कुंडली. मला तिचं वेड लागलं. गिऱ्हाइकानं इंग्रजी शब्द सांगितला की मी आधी घरी जाऊन त्याची कुंडली बघायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याला ऐकवायचो, त्याला ऐकायची असो वा नसो.

आमच्याकडे इंग्रजी शब्दांची हौस दांडगी. बोलायचं क्रेओलमध्ये, देवाचं मराठीत, आणि पाटी मात्र इंग्रजीत. त्यातही शौर्याचे शब्द फार खपायचे. पांपलमूसला एक शिंपी होता, अंगानं काडी, बायकोसमोर आवाज न फुटणारा. त्याला पाटीवर ‘डेअरिंग टेलर’ हवं होतं. मी विचारलं, “शिवणकामात धाडस कसलं?” तर म्हणाला, “मी माप न घेता कापतो.” मी पाटी काढून दिली. त्याच्याकडे पँट मात्र शिवली नाही.

लालमती गावच्या बसवाल्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात आमच्या कामातली एक रीत येते आणि ती माहीत नसली तर पुढचं समजणार नाही.

होडीवर नाव काढताना पहिली रेघ पेंटर काढत नाही. ती घरच्या बाईनं काढायची. मालकाची बायको असेल तर बायको, नसेल तर आई. मिस्ये गास्तोंनी मला हे पहिल्याच वर्षी बजावलं होतं, आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर क्रेओल असोत की आपले, सगळे कोळी ती रीत पाळायचे. बाई हात धुऊन येते. पेंटर तिच्या हातात भरलेला ब्रश देतो. रेघ ओढायच्या आधी ती नवऱ्याकडे एक गोष्ट मागू शकते, चारचौघांत, मोठ्यानं. दारू पिऊन होडी काढू नको, अमावास्येला जाऊ नको, काय वाटेल ते. नवऱ्यानं ‘हो’ म्हणायचं. तिथे नाही म्हणायची सोय नसते, कारण सगळा किनारा ऐकत असतो आणि तो शब्द मोडणाऱ्याबरोबर दुसऱ्या दिवशी कोणी जाळं ओढायला जात नाही. मग ती रेघ ओढते. रेघ वाकडी येणारच. पेंटरचं काम असं की ती वाकडी रेघ न पुसता तिच्यावरच अक्षर बसवायचं. अक्षर जाड असलं की ती आत दडून जाते. जाड अक्षराचं हे दुसरं कारण, आणि खरं सांगायचं तर मला हेच जास्त आवडतं.

तर लालमतीचा बसवाला. त्याला बसच्या कपाळावर ‘फिअरलेस’ हवं होतं. ही रीत होडीची, बसला तिचा काही संबंध नाही. पण त्याची बायको मूळची किनाऱ्यावरची. ती पदर खोचून आली आणि म्हणाली, “ब्रश द्या.” नवरा म्हणाला, “अगं, ही बस आहे.” ती म्हणाली, “बुडवायला पाणीच लागतं असं नाही.” तिनं मागितलं काय, तर दुसऱ्या कंपनीच्या बसशी शर्यत लावायची नाही. त्या काळी आमच्या बसवाल्यांना तो रोगच होता, थांब्यावरचा माणूस आधी कोण उचलतो याची चुरस. बसवाल्याचं तोंड कडू झालं, पण ‘हो’ म्हणाला. नंतर लालमतीचे लोक त्याच्या बसला गोगलगाय म्हणायचे. तो शेवटपर्यंत शब्दाला जागला, हे मला माहीत आहे, कारण दर दोन वर्षांनी रंग उजळायला मीच जायचो.

आता रघूचं सांगतो.

रघू माझ्या धाकट्या बहिणीचा, शेवंतीचा, नवरा. नात्यानं मी त्याला भावोजी म्हणायचो, पण तो वयानं लहान आणि स्वभावानं इतका गरीब की तोंडात ‘रघू’च यायचं. सकाळी ऊस, दुपारी मासे, असं त्याचं आयुष्य. हा अंक आमच्या पूर्वजांच्या मुलखातही जातो; तिथल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बेटाभोवती समुद्रात खडकांचं एक कडं आहे. त्याच्या आतलं पाणी उथळ आणि शांत, त्याला आम्ही लागोन म्हणतो. कड्याबाहेर खरा समुद्र. आमच्या दक्षिणेला एका ठिकाणी ते कडं तुटतं आणि लाटा सरळ येऊन काळ्या कातळावर आपटतात. रघू लागोनमधला कोळी. एकदा दोघातिघांबरोबर बाहेर गेला होता, वारा पडला की वाढला काय झालं कोण जाणे, हा एकटा मागे फिरला. बाकीचे संध्याकाळी टोपल्या भरून आले. तेव्हापासून लोक त्याला ‘कापों’ म्हणायला लागले. क्रेओलमध्ये कापों म्हणजे भेकड. चहाच्या टपरीवर, देवळात, लग्नाच्या पंगतीत. कोणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं, पण दहा वर्षं रोज ऐकलं की माणसाचं काय होतं ते त्याच्या मानेकडे बघून कळायचं. चालताना मान खाली.

ऐंशीच्या आसपास सरकारनं लागोनबाहेर जाणाऱ्यांना इंजिनं द्यायला सुरुवात केली. रघूनं अर्ज केला. आम्हाला कोणालाच खरं वाटलं नाही, पण त्याला इंजिन मिळालं आणि त्यानं एक जुनी लाकडी होडी घेऊन ती नीट करायला काढली. एका रविवारी सकाळी मी आमच्या वाण्याच्या दुकानाची पाटी काढत होतो. वाणी म्हणाला, “दादा, अक्षर बोल्ड ठेवा.” रघू बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, “बोल्ड म्हंजे?”

मी ‘जाड’ एवढंच सांगून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. पण मला तर विचारणाराच हवा होता. मी घरून डिक्शनरीचा पहिला खंड आणला आणि तिथे बाकावर बसून बोल्डची सगळी कुंडली मांडली.

हजार वर्षांपूर्वी इंग्रज लोक हा शब्द शूर माणसासाठी वापरायचे. राजाच्या शिपायासाठी, जो पाठ दाखवत नाही त्याच्यासाठी. मोठ्या लोकांच्या नावांतही तो जोडलेला असायचा. जर्मन लोकांकडेही हाच शब्द होता, तो झिजत झिजत ‘लवकर’ या अर्थाचा झाला, कारण धीट माणूस वेळ काढत बसत नाही. पुढे इंग्रजांकडेच तो थोडा नासला. नोकर मालकासमोर बोलला, पोरगी थोरांसमोर बोलली, तर तेही बोल्ड, म्हणजे निर्लज्ज. तुमच्याकडे सिनेमातल्या बाईला बोल्ड म्हणतात तो त्यातलाच प्रकार. मग साहेब लोक एकमेकांकडे काही मागताना ‘मी जरा बोल्ड होऊन विचारतो’ असं म्हणायचे, म्हणजे आपली साधी रीतभात. आणि खलाशांकडे त्याचा आणखी एक अर्थ. जिथे किनारा सरळ भिंतीसारखा उभा आणि पाणी पायथ्यापर्यंत खोल, त्याला ते बोल्ड किनारा म्हणायचे. छापखान्यातलं जाड अक्षर तर अगदी अलीकडचं, सगळ्यात शेवटचं.

रघू ऐकत होता. मी वर बघितलं तर त्याची मान सरळ झाली होती. “दादा,” तो म्हणाला, “तो किनारा म्हंजे आपलाच की. कडं तुटतं तिथला.”

“तसाच,” मी म्हटलं.

“बोन, ठरलं. माझ्या होडीवर त्येच नाव काढ.”

दुकानात चारपाच जण होते. कोणीतरी हसलं. मला त्या हसण्याचा राग आला, रघूला आला त्याहून जास्त. मी म्हटलं, काढतो, आणि असं काढतो की क्युरपिपच्या टेकडीवरून वाचता येईल.

शेवंतीला हे अजिबात आवडलं नाही. रघूनं मला तिची समजूत घालायला पाठवलं. ती स्वयंपाकघरात पाल्याची भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो भितो ते लोकांना खटकतं. मला न्हाय खटकत. भितो म्हणून रोज घरी येतो.”

मी तिलाही ती कुंडली ऐकवायला लागलो. माझी अक्कल बघा. तिनं मला मधेच थांबवलं. “मला शाळेत मिसनं बोल्ड म्हटलं होतं, दादा. का, तर मी विचारलं की पोरींना मागच्या बाकावर का बसवता. सगळ्या वर्गासमोर म्हटलं. दोन दिवस मी शाळेत गेले न्हाय.”

“तो नंतरचा अर्थ,” मी म्हटलं. “मूळ अर्थ चांगला आहे.”

ती भाजी निवडायची थांबली. “अर्थाचं मला काय करायचंय? तो बाहेर जाईल तेव्हा त्याच्याबरोबर कोण जाणार, ते सांग.”

मी म्हटलं, असेल कोणीतरी, आणि रेघ ओढायला शनिवारी ये. ती म्हणाली, “बघीन.”

शनिवारी दुपारी होडी वाळूवर कुशीला टेकवून ठेवली होती. निळा रंग आधल्या आठवड्यातच देऊन झाला होता. मी दोरी ताणून खडूच्या रेघा मारल्या, चार अक्षरं आखली, पांढरा रंग कालवला. आता हा धंद्यातला भाग नीट समजून घ्या. होडीच्या रंगात लवकर वाळण्यासाठी औषध घालावं लागतं, नाहीतर दमट वाऱ्यात तो दिवसभर ओला राहतो आणि वाळू चिकटते. पण एकदा ते घातलं की तास, दीड तास, बस. मग डब्यातल्या रंगावर साय धरते आणि तो कामातून जातो. सोमवारी मासेमारी खात्याचा साहेब नाव-नंबर तपासायला येणार होता, आणि दुसरा डबा माझ्याकडे नव्हता.

शेवंती येईना. रघू म्हणाला, “सकाळीच म्हणाली, मी न्हाय येणार.” आम्ही थांबलो. बदामाच्या झाडाखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. रीतच तशी, रेघेला लोक येतात. अर्धा तास गेला. मी डबा ढवळत राहिलो. तेवढ्यात झाडाखालून आवाज आला, “कापोंची बायको पण कापों.” आणि लोक हसले. रघूची मान पुन्हा खाली गेली.

मी तापट माणूस. माझ्या घरच्यांना विचारा. माझं काम, माझा रंग, माझी बहीण, आणि वर हे हसणं. मी ब्रश भरला आणि म्हटलं, “मी तिचा भाऊ. एकाच आईच्या पोटचे आम्ही. माझा हात तो तिचाच हात.” आणि ‘बी’ची उभी रेघ वरून खाली सरळ ओढली. एवढी सरळ रेघ मी क्वचितच ओढली असेन. मधोमध बसलेला एक म्हातारा क्रेओल कोळी उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. रघूनं माझ्या पाया पडल्यासारखं केलं. तासाभरात चारही अक्षरं झाली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायची मला ताकद नाही. पहिले तीन आठवडे तो लागोनमध्येच इंजिन चालवायला शिकला. मग शेजारच्या एकाला घेऊन बाहेर जायला लागला. मासे आणायचा, मोठे आणायचा. टपरीवर त्याला आता नावानं हाक मारायचे. तो हसायला लागला होता, गोष्टी सांगायला लागला होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि मी त्याला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलताना ऐकत होतो. मी मनात म्हणायचो, हे माझ्यामुळे झालं. मला त्याचा फार अभिमान होता, लपवून काय करू.

एके दिवशी त्याचा जोडीदार मेहुणीच्या लग्नाला गेला. रघू सकाळी एकटाच निघाला. दहाच्या सुमाराला दक्षिणेचा वारा सुटला. दुपारपर्यंत सगळ्या होड्या आल्या, त्याची आली नाही. चार दिवस शोधलं. होडी सापडली, कडं तुटतं त्याच्या पुढे, पालथी. रघू सापडला नाही. होडी ओढून आणली तेव्हा तिच्या दोन फळ्या फुटल्या होत्या आणि नाव मात्र जसंच्या तसं होतं. एकाही अक्षराची कड सुटली नव्हती. माझं काम चांगलं झालं होतं, आणि ते बघून मी तिथेच वाळूत बसलो.

शेवंतीनं बाराव्याला मला एकच सांगितलं, ते नाव खरवडून काढ. मी पत्र्याचा तुकडा घेऊन गेलो आणि पूर्ण एक दिवस घालवून काढलं. चांगल्या रंगाला काढायलाही तेवढाच वेळ लागतो. होडी तिनं क्रेओल कोळ्यांना देऊन टाकली. त्यानंतर त्या दिवसाविषयी आमच्यात एका अक्षराचंही बोलणं झालं नाही. ती माझ्याकडे भाऊबीजेला यायची, मी तिच्याकडे गणपतीला जायचो. ती मला वाढायची, मी जेवायचो.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. आठ वर्षं मी स्वतःला एकच समजावत आलो. शेवंती येणार नव्हतीच. मी रेघ ओढली नसती, तरी रघू नावाशिवाय, रेघेशिवाय गेला असता, त्याला आता कोणी थांबवू शकत नव्हतं. माझी रेघ काही कोणाच्या मरणाला कारण नाही. मी फक्त पेंटर. त्यावर मी झोपायचो, आणि त्यावरच मी हा लेख पहिल्यांदा लिहिला. त्यात असं लिहिलं होतं की बहिणीनं रेघ ओढायला नकार दिला, म्हणून नाइलाजानं मला ब्रश घ्यावा लागला. गुरुजींना तो आवडला होता. पण तिच्या नवऱ्याविषयी लिहायचं तर तिला दाखवायला हवं, म्हणून गेल्या रविवारी मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. देवनागरी तिला अडखळत वाचता येते, म्हणून मीच वाचून दाखवलं.

ती ओट्याशी उभी होती. मी कागदांची घडी केली तेव्हा म्हणाली, “एक जागा चुकली.”

“कुठली?”

“मी नकार दिला न्हवता, दादा. सकाळी म्हटलं होतं, न्हाय येत. दुपारी मन फिरलं. हात धुतले, लुगडं बदललं आणि आले. मी बदामाच्या झाडामागे होते तेव्हा तुझी रेघ अर्ध्यावर आली होती. मला वाटलं, आता पुढे जाऊन काय बोलायचं. लोक टाळ्या वाजवत होते. मी मागच्या वाटेनं परत गेले.”

मी विचारलं, “तू ओढली असतीस?”

“ओढली असती की. त्याला जायचंच होतं, मला कळत न्हवतं काय? मी जा म्हणणारच होते.” तिनं हात पदराला पुसले. “फक्त आधी मागणार होते. एकटा जाऊ नको, एवढंच. सगळ्यांसमोर. तो ‘हो’ म्हणाला असता. रघूनं दिलेला शब्द कधी मोडला न्हाय.”

बाहेर कोणाचीतरी मोटारसायकल गेली. मी कागद हातात धरून बसलो होतो. मला रडायला आलं आणि मी रडलो, साठीचा माणूस, बहिणीच्या स्वयंपाकघरात. ती जवळ आली नाही. भांड्यावरचं झाकण काढून भात बघितला आणि गॅस बंद केला.

“तेव्हाच का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तेव्हा तू लहान पोरासारखा रडत होतास. म्हटलं, एक गेला, दुसऱ्याला कशाला घालवू. मग वर्षं गेली आणि सांगायचं राहूनच गेलं. आता तू लिहून सगळ्यांना वाटणार, तर खोटं कशाला वाटायचं?”

मी म्हटलं, “शेवंते, माझ्या हातून...”

तिनं दोन ताटं घेतली, पुसली, जमिनीवर मांडली. भात वाढला, वर डाळ घातली, मिरचीचं लोणचं बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “तुझा दोष न्हाय असं मी म्हणणार न्हाय, दादा. ते मला जमायचं न्हाय. पण जेवून जा.”

मी हात धुतले आणि तिच्यासमोर जेवायला बसलो.